मेंढवाड्यावरचा काळा सरडा

"स्पिरिट कुणाला विकलंस?" म्युझियमच्या साहेबांनी विचारलं.

सोलापूरबाहेरच्या माळावर थंडीतल्या सकाळी आम्ही दोघे उभे होतो. मी मुंबईच्या एका म्युझियमचा कलेक्टर. जिल्ह्याचा नव्हे, सरडे-पाली पकडून आणणारा. पकडलेला नमुना स्पिरिटच्या बरणीत ठेवतात. कुणी स्पिरिट चोरून विकलं आणि बरणीत पाणी मिसळलं तर तो सडतो, रंगही उतरतो.

मी धाडलेले इथले सरडे फिकट, मातकट होते. त्याच जातीचे कोकणातले मात्र गडद. इथलं ऊन कडक, हवा कोरडी, म्हणून हा फरक, असं माझं म्हणणं. साहेबांना ते पटेना. शहानिशा करायला ते स्वतः आले आणि बायजाबाई धनगरणीच्या मेंढवाड्यावर, दगडी भिंतीवर, पहिलाच सरडा दिसला तो तव्यासारखा काळा! शेपटी अर्धी तुटलेली. मी त्याला फासात धरून जाळीच्या पिंजऱ्यात टाकलं.

"जिवंतपणी काळा आणि तुझ्या बरणीत फिकट. उद्यापासून येऊ नकोस."

नोकरी गेली असती तर सोसलं असतं. पण चोर म्हणून जायचं?

साहेब टांग्याकडे वळले, तशी बायजाबाई आडवी आली. "कुटं निगाला? वाड्यावर आलेला मानूस उपाशी जात न्हाय. मेंढरांस्नी सोसत न्हाय ते."

"बाई, आम्हाला गाडी गाठायचीय."

"गाठा की! भाकरी खाऊन गाठा. तुमच्यापायी माजी मेंढरं मरायची व्हय?"

साहेब माघारी येऊन बसले. पिंजरा उन्हातच राहिला. चूल पेटली, भाकऱ्या थापल्या गेल्या. शेंगदाण्याच्या चटणीने साहेब हाशहुश करत जेवले. तोवर ऊन चांगलं तापलं होतं. हात धुवायला उठले ते पिंजऱ्यापाशी थबकले.

"हा कुणी बदलला?"

कुणीच नाही. शेपटी तीच, अर्धी. सरडा मात्र मातीच्या रंगाचा झाला होता. गारठ्यात ऊब धरायला त्याची कातडी काळी होते, अंग तापलं की फिकट पडते.

"इथले नमुने केव्हा पकडलेस?"

"भर दुपारी. एरवी मी शहरातून पायी येतो, माळावर पोचायलाच तेवढा वेळ लागतो."

"आणि कोकणातले?"

"सकाळी," मी म्हणालो आणि माझं कोरड्या हवेचं म्हणणंही बोंबललं!

साहेब पोट धरून हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "स्पिरिटचं बोललो ते मागे घेतो." वरिष्ठाने असं म्हणायला मोठं मन लागतं. त्यांचे आभार मी मानतोच. पण खरे उपकार बायजाबाईचे. सरड्याचं तिला काही माहीत नव्हतं, करूनही घ्यायचं नव्हतं. तिला पाहुणे जेवायला हवे होते, बस्स.

तेव्हापासून नमुन्याच्या चिठ्ठीवर मी पकडल्याची वेळ लिहितो. आणि कुणी जेवा म्हटलं, की आढेवेढे घेत नाही.