कोण गेलं?

भांडुपच्या आमच्या चाळीत बाईमाणूस पळताना दिसलं की कोणीतरी गेलं, एवढाच अर्थ व्हायचा. पंच्याऐंशी साली वजन उतरवायला मी साडी खोचून, कॅनव्हासचे बूट घालून सकाळी पळायला निघाले आणि दूध केंद्रापाशीच धापा टाकत थांबले. नाक्यावरचे चार शेजारी धावत आले. "वहिनी, कोण गेलं?" कोणी नाही म्हटल्यावर हसले मेले. "मग पळता कशाला?"

तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रागाने मी रोज एकेक विजेचा खांब वाढवत गेले. तीन महिन्यांत न थांबता पाइपलाइनपर्यंत जाऊन येऊ लागले. त्यांनाही सवय झाली. बसल्या जागेवरून ओरडायचे, "झकास, वहिनी!"

एका सकाळी सासरे मोरीत कोसळले. नवरा पहिल्या पाळीला गेलेला. मी अनवाणीच डॉक्टरांकडे धावत सुटले. तोंडातून शब्द फुटेना, म्हणून नाक्यावर त्या चौघांना हात करून बोलावलं. त्यांनीही हात केले. "वहिनी, आज एकदम जोरात!"

दवाखान्यापर्यंत मी कुठेही थांबले नाही. तरी उशीर झालाच.

संध्याकाळी खांदा द्यायला तेच चौघे पुढे. मलाच म्हणतात, "वहिनी, एक हाक तरी मारायची!"