प्लाक म्हणजे पाटी

दहा वर्षं हिंजवडीची बस पकडल्याबद्दल कंपनीने मला प्लाक दिला. पितळी, चकचकीत, आणि त्यावर माझं आडनाव चुकलेलं. दुरुस्तीसाठी तीनदा मेल केली. दर वेळी 'नोंद घेतली आहे' एवढंच उत्तर. त्याच महिन्यात डॉक्टर म्हणाले, "हृदयाच्या रक्तवाहिनीत प्लाक साठलाय."

घरी येऊन मी बाबांवरच चिडलो. "दोन्हींना एकच शब्द कसा?"

बाबा निवृत्त शिक्षक. त्यांनी शांतपणे शब्दकोश काढला. "मूळ डच, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलाय. अर्थ, सपाट चकती. थोडक्यात, पाटी. एक बाहेर लावायची, एक आत बसलेली."

मग त्यांनी प्लाक आणि डॉक्टरांचा रिपोर्ट शेजारी ठेवून नीट वाचले.

"नाव रिपोर्टवर बरोबर आहे," ते म्हणाले. "भिंतीवर हाच लाव."