मेणाची डबी

आमच्या गावच्या पाटलांकडे टोपीचं एक जुनं पिस्तूल होतं, निजामाच्या वेळचं. सहा घरांचं फिरतं चाक, आणि प्रत्येक घर हातानं भरायचं. दसऱ्याला शिवेवरच्या बाभळीला कोहळा टांगायचा आणि पाटलाच्या घरच्यानं या पिस्तुलानं तो फोडायचा, मगच सोनं लुटायचं. परवाना पाटलांचा, बार पाटलांचा, आणि ठासणी आमची. ती माझ्या आज्यापासून चालत आली होती.

बौद्ध झाल्यावर आमच्या अप्पांनी गावकीची सगळी कामं एका दिवसात सोडली. ठासणी तेवढी सोडली नाही. "ते काम न्हाई, ते हुन्नर हाय," म्हणायचे. त्यांची नजर अधू झाली तेव्हा ते हुन्नर माझ्याकडे आलं. मी तोवर भालकीला मॅट्रिक होऊन ट्रेनिंगही करून आलो होतो आणि मास्तरकीच्या ऑर्डरची वाट बघत होतो.

ठासणी घाईनं होत नाही. घोडा अर्धा ओढला की चाक सुटं फिरतं. एकेका घरात मापानं दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची आणि नळीखालच्या दांड्यानं दाबायची. गोळी घरापेक्षा केसभर मोठीच लागते. दाबताना शिशाची बारीक कडी निघाली तर गोळी घट्ट बसली असं समजायचं. सहापैकी पाच घरं भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवायचा. मग प्रत्येक गोळीवर मेण थापायचं. ठिणगी पाडणाऱ्या तांब्याच्या टोप्या चाकामागे बसवायच्या त्या अगदी शेवटी. अप्पा सगळ्यात जास्त जपायचे ते मेणाला. मेण नसलं तर एका घराची ठिणगी शेजारच्या घरात शिरते आणि सगळे बार एकदम उडतात. नळीसमोर एकच घर असतं, बाकीच्या गोळ्या वाट्टेल तिकडे जातात.

आमचं मेण म्हणजे मधमाशीचं मेण आणि करडीचं तेल, दुसरं काही नाही. पण आमच्या घरातून आलेलं म्हणजे त्यात चरबी असणारच, अशी पाटलीणअक्कांची पक्की खात्री. दसऱ्याला पिस्तूल देवघरात पूजेला जायचं, आणि तिथं चरबी कशी चालेल? म्हणून अक्का ओल्या फडक्यानं ते मेण स्वच्छ पुसून काढायच्या आणि वर हळदकुंकू वाहायच्या. पूजा झालेल्या पिस्तुलाला पुन्हा हात लावायची आम्हाला सोय नव्हती.

अप्पांनी यावर उपाय काढला होता. जर्द्याच्या रिकाम्या डबीत ते वेगळं मेण भरायचे, अंगठ्यानं वरून सपाट दाबायचे आणि डबी पाटलाच्या मुलाकडे द्यायचे. पूजा झाली की त्यानं गोठ्यात जाऊन, आईच्या नकळत, पुन्हा थापायचं. अप्पांच्या अंगठ्यावर तिरकी जुनी चीर होती, ती दरवर्षी त्या मेणावर उठायची. पाटलाचा मुलगा माझ्याच वर्गातला. भालकीला आम्ही एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. मेणात करडीचं तेल आहे हे त्याला ठाऊक होतं, कढवताना तो चुलीशी बसलेला असायचा. आईला मात्र त्यानं कधी सांगितलं नाही. मला तेव्हा ते खुपलंही नाही. मीही तेव्हा भोळसटच होतो.

त्या वर्षी शिसं मी स्वतः चिटगुप्प्याच्या बाजारातून आणलं. सकाळी पाटलांच्या पडवीत बसून पाचही घरं भरली, मेण थापलं, अप्पांना बोटानं चाचपायला दिलं. डबीतलं मेण नेहमीसारखं अप्पांनीच अंगठ्यानं दाबलं, आणि ती डबी पाटलाच्या मुलाच्या सदऱ्याच्या खिशात मी माझ्या हातानं टाकली. "विसरू नको," त्याच्या कानाशी म्हणालो. तो हसला. "कामून इतका भ्यायलास गड्या? पहिल्यांदा उडवायलोय का मी?"

दुपारनंतर सगळं गाव शिवेवर जमलं. त्यानं नेम धरला, चाप ओढला, आणि एका बाराच्या जागी ढग गडगडल्यासारखा आवाज झाला. धूर विरला तेव्हा कोहळा तसाच लोंबत होता. त्याच्या हाताची कातडी भाजली होती, आणि हलगीवाला पोटरी धरून खाली बसला होता. गोळी चाटून गेली होती, नशीब त्याचं. पिस्तूल खाली पडलेलं मी पाहिलं. चाकाच्या तोंडावर कुंकू होतं, मेणाचा मागमूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी जमादार आला आणि चावडीत सगळ्यांना बोलावलं. परवाना जायची वेळ होती. मोठे पाटील परवान्याचा कागद घेऊन बसले होते. मुलगा पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून म्हणाला, "ठासणाऱ्यानं मेण लावलं न्हाई."

मला वाटलं, तो आता माझ्याकडे बघेल. त्यानं बघितलं नाही. कालचाच सदरा त्याच्या अंगात होता, आणि खिशात डबीचा गोल उठून दिसत होता. चारचौघांत मी त्याला कायम मालक म्हणायचो, खोलीतली अरेतुरे खोलीतच. त्या दिवशी मी ते विसरलो.

"खिशातली डबी काढ," मी म्हणालो. "काढ आन् दाव सायबाला."

"कसली डबी?" तो म्हणाला.

चावडीत कुजबुज झाली, पण डबीबद्दल नाही. "पाटलाच्या पोराला अरेतुरे करायलास व्हय रं?" एक म्हातारा कडाडला, आणि त्याला आणखी चार जणांनी साथ दिली. पाटलाच्या खिशात हात घालायचं कुणाच्या मनातही आलं नाही, जमादाराच्याही नाही. त्यानं माझा निष्काळजीपणा लिहून घेतला आणि माझा अंगठा मागितला. मी सही केली. तेही कुणाला आवडलं नाही.

मास्तरकीची ऑर्डर निघायच्या आधी चालचलणुकीची चौकशी व्हायची. माझी ऑर्डर निघाली नाही. पण त्याहून मोठा घाव घरात बसला. चार दिवसांनी अप्पांनी मला जवळ बसवलं आणि हळूच विचारलं, "म्या चाचपलं तवा होतं. पण डबी त्याच्याजवळ द्यायची गडबडीत राहिली का रं?"

"दिली अप्पा. म्या माझ्या हातानं दिली."

"बरं," ते म्हणाले. त्यांना माझं पटलं नव्हतं. त्या पोराला त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं, तो खोटं बोलेल हे त्यांच्या मनात बसेना. पुन्हा त्यांनी विचारलं नाही, आणि पुन्हा त्या हुन्नराचं नावही काढलं नाही.

मी गुलबर्ग्याला आलो, छापखान्यात खिळे जुळवायला लागलो, संसार केला. बऱ्याच वर्षांनी एका रविवारी तो दारात उभा राहिला. केस पिकलेले, भाजलेल्या हातावर पांढरा डाग. अक्का वारल्याचं त्यानं सांगितलं, आणि जर्द्याची ती डबी माझ्यासमोर ठेवली.

"आई होती तोवर बोलता आलं न्हाई गड्या," तो म्हणाला. "तिनंच पुसलंतं. आन् म्या लावायचं विसरलो. पर टाकवली बी न्हाई."

इतकी वर्षं त्यानं माझा पुरावा कपाटात जपून ठेवला होता. मला त्याचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. मी त्याला बस म्हटलं नाही.

तो गेल्यावर मी झाकण उघडलं. मेण पिवळं, टणक झालं होतं. कडेला बोटानं मेण काढल्याची एक खूणही नव्हती. मधोमध अप्पांचा अंगठा होता, तिरक्या चिरेसकट. अप्पांना नुसतं बोट फिरवून सगळं कळलं असतं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.