खाली घ्या

आमच्या शेजारच्या डॉक्टरांइतका तापट आणि वेळकाळ न कळणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नसेल. राळेगावात ते तातडीचे पेशंट बघायचे आणि उरलेल्या वेळात बंद पडलेलं हृदय पुन्हा कसं चालू होतं, याचं संशोधन करायचे. संशोधन म्हणजे काय, तर वही घेऊन लोकांच्या तेरवीला जायचं! पंगतीत बसून विचारायचे, माणूस पडल्यावर छाती दाबायला किती मिनिटं लागली? एकदा मीच चिडून म्हटलं, लाज कशी वाटत नाही? तर माझ्यावरच उखडले, "लाज तुमाले वाटाले पाह्यजे. माणूस पडला का तोंडात पाणी घालता, छाती काहून नाही दाबत?"

कापसाचे भाव पडले त्या वर्षांत खरेदी केंद्रावर गाड्या आठ-आठ दिवस खोळंबायच्या, उन्हात माणसं कोसळायची. डॉक्टर तिथे जाऊन हमालांना धान्याच्या पोत्यावर छाती दाबायला शिकवत. हमाल हसायचे, म्हणायचे, कापसाच्या गाठी दाबणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगवाल्यांना प्रेसिंग शिकवता काय! या सगळ्यावर त्यांनी लेख लिहिला, तर मुंबईच्या शहाण्यांनी आकडे थोडे आहेत म्हणून परत पाठवला. आकडे थोडे! म्हणजे आमची आणखी माणसं मरायला हवी होती की काय?

मग एका दुपारी त्याच खरेदी केंद्रावर, आमच्या गाडीतल्या कापसावर माझा थोरला भाऊ कोसळला. डॉक्टर धावत आले आणि ओरडले, "खाली घ्या त्याले!" मऊ कापसावर छाती दाबून उपयोग नाही, कडक जमीन लागते, हे मला काय ठाऊक? आमच्यात माणसाला खाली घेतात ते त्याचं संपत आलं की. मी भावाला घट्ट धरून बसलो. म्हटलं, "जित्ता हाये तो अजून. खाली नका घेऊ." हमालांनी मला ओढून काढलं, डॉक्टर घामाघूम होईस्तोवर छाती दाबत राहिले, पण भाऊ काही परत आला नाही.

तेरवीला डॉक्टर आले. मान खाली घालून जेवले, वही पिशवीतून काढलीच नाही. शेवटी मलाच राहवेना. म्हटलं, "लिहा डॉक्टरसाहेब. चार मिनिटं गेली. मीच अडवलं."

त्यांनी वही काढून लिहिलं. मी डोकावून पाहिलं. उशिराच्या कारणापुढे माझं नाव नव्हतं. तिथे होतं, 'डॉक्टरचा शब्द चुकला.'

आयुष्यभर या माणसाशी मी ऊठसूट भांडलो. त्या दिवशी भांडायला हवं होतं, तर गप्प बसलो.