कमलची मशीन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, मेहुण्याला नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, त्या कमलला, माझ्या बायकोला, तर नाहीच. ती जाऊन चार वर्षं झाली. आता कुणाची भीती उरली आहे?

गोष्ट कपडे धुण्याच्या मशीनची आहे. हसू आलं ना? येऊ द्या.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. आम्ही नंदनवन वस्तीत राहायचो. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स शिकवायचो. कुणाच्या कूलरचा पंप अडला, फ्यूज उडाला, की मोहल्ल्यात एकच नाव — मास्तर. कमल कामठीची, चौथी शिकलेली. तिचा धाकटा भाऊ देवीदास मस्कतला होता. धुण्याच्या सोड्यानं बहिणीच्या बोटांना पडलेल्या भेगा त्यानं पाहिल्या, आणि पुढच्या सुट्टीत तो जपानी मशीनच घेऊन आला.

वर एक गुळगुळीत पट्टी. तिच्यावर बटणं, लाल दिवे, आकड्यांची छोटी खिडकी. फिरवायचा खटका कुठेच नाही! खटका फिरवला की बोटाला कळतं, आपण कुठे आहोत ते. इथे काय कळणार? दाबलं की टीं, पुन्हा दाबलं की टीं टीं. मध्येच लाइट गेली की ती सगळं विसरून जायची. इंग्रजी माहितीपुस्तक मांडीवर घेऊन मी आठवडाभर बसलो. खिडकीत एकच आकडा लुकलुकत राहिला. शेवटी मागचं झाकण उघडून मी वायरी तपासायला लागलो.

"अवो, पाणी मागून राहिली ते," कमल मागून म्हणाली. आमच्या नळाला जोर नव्हता. तिनं हौदातल्या दोन बादल्या आत ओतल्या — आणि मशीन सुरू झाली.

पुढचं सगळं ती कानानंच शिकली. किती टीं झाल्यावर काय होतं, ते तिला पाठ. कपाळाच्या टिकल्या तिनं बटणांशेजारी चिकटवल्या: लाल साड्यांना, हिरवी चादरींना. तिच्या बोटांच्या भेगा महिन्याभरात भरून आल्या. मला आनंद व्हायला हवा होता ना?

एका रविवारी माझ्याच खात्यातले वानखेडे मास्तर मशीन पाहायला आले. मी ऐटीत बटणं दाबली. मशीन नुसती ओरडत राहिली. मी पुन्हा दाबली, पुन्हा तेच. कमल स्वयंपाकघरातून आली, दोन बटणं दाबली, आणि पोळ्या लाटायला परत गेली. वानखेडे हसून हसून खोकले. "काहून मास्तर? आता वहिनीलेच पाठवा ना शिकवाले! तुमी घरी पोळ्या लाटा!"

मीही हसलो. पण सोमवारी स्टाफरूममध्ये शिरलो आणि कुणीतरी तोंडानं 'टीं टीं' केलं...

आता सांगतोच. त्याच आठवड्यात कमल दुपारची कामठीला आईकडे गेली होती. मी मागचं झाकण उघडलं. बटणांखालच्या हिरव्या सर्किटच्या पट्टीला मेन लाइनची वायर टेकवली. क्षणभरच. जळका वास आला. घराच्या खिडक्या उघडून वास जाऊ दिला, आणि सगळे स्क्रू पुन्हा नीट बसवले. हे सगळं शांतपणे केलं, हेही लिहून ठेवतो.

ती परतली. कपडे भिजवून बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. मग तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"माह्या ओल्या हातानं तं नसंल झालं जी?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "ओल्या हातानं बटनं दाबशील, तं दुसरं काय होईल?"

ती भावाला पत्र लिहा म्हणाली. तिनं सांगितलं आणि मी लिहिलं — तू एवढ्या मायेनं आणली, माझ्या हातून बिघडली, रागावू नको. माझ्या अक्षरात. खाली तिनं सही केली.

त्यानंतर अकरा वर्षं ती धोंड्यावर कपडे धूत राहिली. दर थंडीत भेगा उलायच्या, रक्त यायचं. रात्री मीच तिला मेण-तेल कोमट करून द्यायचो. त्यावर ती बायकांना सांगायची, आमचे मास्तर किती जपतात मला. दिव्याचं बटण दाबण्याआधीसुद्धा ती पदराला तीनतीनदा हात पुसायची. पुढे मुलानं नवी मशीन घेतली. कमल तिच्या जवळही गेली नाही. "नको वं बाई, एक मोडली म्या," ती सुनेला म्हणाली. मी शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होतो. पान उलटलं.

देवीदास अजून आहे, मस्कतहून परतून कामठीतच असतो. त्यालाही तेच पत्र खरं वाटतं.

ती मशीन मी जाळली.