शोभाच्या कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली

बायांनो, आज मंडळाच्या फळ्यावर सुविचार नाही. दुपारपासून माझा जीव थाऱ्यावर नाही, म्हणून हे लिहून राहिली.

माझी शोभा कचेरीत कॉम्प्युटरवर परीक्षेचे मार्क भरते. नोकरी अजून कच्ची आहे. आज मी डबा घेऊन गेली, तर पोरगी बंद दाराबाहेर उभी. काचेतून दिसे, आत मशीन चालू अन् थंड हवेचं यंत्र बंद पडलेलं. त्यात हा आपला नागपूरचा उन्हाळा.

"काहून उघडत नाही वं?"

"किल्ली साहेबाजवळ. चोरीच्या भीतीनं एकच ठेवली. साहेब लग्नाले काटोलले गेले."

"मंग बाहेरून लाइट बंद कर."

"मशीन चालू असताना मधातच बंद केली तर भरलेलं सारं खराब होईल, आई."

"अन् नाही केली तर?"

"मशीन जळंल."

मी म्हटलं, भरलेल्याची दुसरी नक्कल असंल ना? आहे म्हणे. कुठं? तर त्याच खोलीत, मशीनच्या बाजूच्या कपाटात.

शेवटी मीच मेन स्विच खाली ओढला.

साहेब संध्याकाळच्या बसनं आले. दार उघडलं तर आत भट्टी. म्हणाले, सकाळी चालू करून पाहू, भरलेलं वाचलं का ते तेव्हाच समजंल. शोभानं अजून डबा उघडला नाही.

मले साहेबाचा लय राग आला. मंग घरी येऊन कुलूप काढलं अन् आठवलं, आपल्या कुलपाची दुसरी किल्ली आतच, देवाजवळ ठेवली आहे. तुमची कुठं असते, बायांनो?