गुरुजींचं वर्तुळ

लिंबायतच्या मराठी शाळेत नागनाथ गुरुजींचं नाव झालं ते एका वर्तुळामुळे. बाकी माणूस साधा. पाढे घोकून घेणार आणि शनिवारी सगळ्यांआधी घड्याळाकडे बघणार. पण तिसरीला वर्तुळ शिकवायचा दिवस आला की ते फळ्याकडे तोंड करून उभे राहायचे, खांद्यापासून हात एकदाच फिरवायचे, आणि खडू जिथून निघाला तिथंच बरोब्बर येऊन टेकायचा. पोरं टाळ्या वाजवायची. शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन बघायच्या. त्यात काय विशेष, असा चेहरा गुरुजी करत, आणि तो त्यांना अजिबात जमत नसे.

शहाण्णव साली त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. घरी अंजनाबाईंच्या ते आधी लक्षात आलं. "अहो, बशी राहू द्या, कपानंच प्या," एवढंच बायको म्हणाली. शाळेत मात्र त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. त्रिकोण झाला, चौकोन झाला, मग पुन्हा त्रिकोण झाला. वर्तुळाच्या पानापर्यंत वर्ग काही पोचेना. रेघ वाकडी गेली आणि पोरं हसली तर, याची त्यांना खरोखर भीती वाटत होती.

"गुरुजी, तुम्ही गोल कव्हय काढश्यात?" धनश्रीनं एक दिवस विचारलंच. तिच्या थोरल्या बहिणीनं ते वर्तुळ पाहिलेलं होतं.

आता पळवाट नव्हती. "उद्या तुम्हीच काढायचं," गुरुजी म्हणाले. "घरून दोरा आणि रिकामी बॉबिन आणा." वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप कापड विणायच्या लूमवर कामाला, बॉबिनला काय तोटा!

दुसऱ्या दिवशी पटांगणात जोड्या बसल्या. एकानं दोरा बांधलेली बॉबिन उभी धरायची, दुसऱ्यानं दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला खडू बांधून भोवती फिरायचं. पण सगळ्यांची रेघ फिरून आली ती आतच शिरली.

"आ तो जलेबी थई गई!" लखन गुजरातीत ओरडला.

गुरुजी वाकले. दोरा बॉबिनला गुंडाळला जात होता आणि आखूड होत होता. त्यांनी गाठ सोडून बॉबिनभोवती ढिला फास करून दिला. "मध्यापासून अंतर सारखं राहिलं, तरच गोल," ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांना कधी बोलावंच लागलं नव्हतं. टाळ्यांवर भागत होतं.

तास संपेपर्यंत पटांगण वर्तुळांनी भरलं. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. जो तो आपापल्या रेघेवर वाकलेला. गुरुजींनी हात खिशात घातला होता, पण त्या हाताकडे बघायला सवड होती कुणाला? त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि वाईटही वाटलं, चांगलंच वाईट.

"गुरुजी, सरका ना," खालून धनश्री म्हणाली. "तुम्ही मना गोलमा उभा शेतस."

त्यांनी खाली पाहिलं. बघत बघत ते तिच्या पुऱ्या झालेल्या वर्तुळाच्या अगदी मधोमध येऊन उभे राहिले होते. रेघेवर पाय पडणार नाही अशा बेतानं ते बाहेर आले.